समजा, पाणी आलं

कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर, अॅम्ब्युलन्स वळून उभी राहते तिथे, पत्र्याच्या छपराखाली एक न्हाणी होती. अंगावर विषारी काही सांडलेला माणूस आला, की आधी त्याला तिथे न्यायचं, कपडे उतरवायचे, साबण लावून डोक्यापासून पायापर्यंत धुवायचं, आणि मगच दारातून आत घ्यायचं. शेंबड्या पोरालाही कळावी इतकी साधी गोष्ट. न्हाणीला चांगली खरबरीत फरशी होती, भिंतीला शॉवर होते, आडोशाला पडदा होता, वर हिरवी पाटी होती. फक्त पाणी नव्हतं.

म्हणजे पाइप होता, टाकी होती, व्हॉल्व्हही होता. पण उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांच्या पायाखाली चिखल नको, म्हणून हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी व्हॉल्व्ह बंद करायला लावला तो लावलाच. त्याची चावी देखभालवाल्यांच्या कपाटात गेली. देखभालवाल्यांना विचारलं की ते म्हणायचे, साहेबांचा हुकूम आणा. साहेबांना विचारलं की ते म्हणायचे, अहो, एवढ्याशा गोष्टीला माझा हुकूम कशाला, देखभालवाल्यांना सांगा ना. घोडं कुठे पेंड खातंय हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि लगाम धरायला कुणी पुढे येत नव्हतं.

आणि गंमत अशी, की न्हाणीच्या शेजारीच साहेबांची गाडी लागायची. तिथे एक नळ होता, त्याला लांबलचक पाइप होता, आणि साहेबांचा ड्रायव्हर रोज सकाळी त्या पाइपानं गाडी धुवायचा. पाणी असं जोरात यायचं की चाकांची माती एका फटक्यात निघायची. कोरड्या न्हाणीच्या शेजारी चकचकीत ओली गाडी. मोठ्या सिस्टर ड्यूटीवर येताना रोज हे बघायच्या आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मोठ्या सिस्टर म्हणजे कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज. तोंडानं फटकळ, चालीनं तुरतुर. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नर्सा दुसरीकडे गेल्या तरी त्यांचा आवाज ऐकला की पाठ ताठ करायच्या. त्यांच्याच हाताखाली त्यांची सून होती. लग्नाआधीपासूनच होती, म्हणजे आधी नर्स आणि मग सून. हॉस्पिटलात नातं नाही, हा सिस्टरांचा नियम. घरी सून त्यांना आई म्हणायची आणि त्या तिला अगं-तुगं करायच्या. पण दाराच्या आत पाऊल पडलं की ती त्यांना सिस्टर म्हणे आणि त्या तिला चक्क अहो-जाहो करत. "ड्रेसिंगचा ट्रे भरला का तुम्ही?" असं सासू सुनेला विचारते आहे हे ऐकून नवी माणसं हसायची.

सुनेला दमा होता, लहानपणापासूनचा. पंप कायम एप्रनच्या खिशात. आणि उभी राहायची ती पहिल्या पलंगाशी, दारासमोरच्या. बाहेरून जे काही येईल ते सगळ्यात आधी तिच्या अंगावर. "तुम्ही मागच्या वॉर्डात जाता का?" असं सिस्टरांनी एकदा विचारून पाहिलं होतं. सून म्हणाली, "मला इथलंच काम आवडतं, सिस्टर. आणि मला हलवलंत तर सगळे म्हणतील, सासूनं सुनेला सावलीत नेऊन ठेवलं." खरंच म्हणाले असते. सिस्टरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण तेव्हापासून त्या न्हाणीतलं पाणी हा त्यांच्या डोक्यातला किडा होऊन बसला. लोकांना वाटे, बाई नियमाच्या पक्क्या आहेत. नियम कसला, बाईला त्या पोरीच्या छातीची काळजी होती, पण ते बोलायची सोय नव्हती.

आता मॉक ड्रिलचं ऐका. दर काही महिन्यांनी एक मॉक ड्रिल व्हायचं. कुणीतरी पाहुणे यायचे, छपराखाली खुर्च्या मांडल्या जायच्या, साहेब गळ्यात शिट्टी अडकवून उभे राहायचे. ऑफिसातल्या एखाद्या क्लार्कला स्ट्रेचरवर झोपवायचं. तो डोळे मिटून मनातल्या मनात हसत पडायचा. स्ट्रेचर ढकलायला पैलवान. पैलवान म्हणजे वॉर्डबॉय. इतका किरकोळ, की वाऱ्यानं उडेल म्हणून नाव पैलवान पडलेलं. पण कामाला चोख. सांगितलेलं एक अक्षर विसरायचा नाही.

शिट्टी वाजली की पैलवान स्ट्रेचर घेऊन न्हाणीत येऊन थांबायचा.

"समजा, कपडे काढले," साहेब मोठ्यानं म्हणायचे.

पैलवान क्लार्कच्या अंगावरून हवेतच हात फिरवायचा.

"समजा, पाणी आलं."

पैलवान हात वर करून शॉवरच्या नळाला लावायचा आणि खाली घ्यायचा.

"समजा, धुतलं. चला आत."

आणि स्ट्रेचर दारातून थेट पहिल्या पलंगाशी. पाहुणे टाळ्या वाजवायचे. कोरडं माणूस कोरडंच आत जायचं.

"साहेब, एकदा तरी खरं पाणी सोडून बघू या," सिस्टर दर वेळी म्हणायच्या.

"अहो, त्या बिचाऱ्या क्लार्कला सर्दी होईल."

"मग मला झोपवा. मला भिजवा."

साहेब हसायचे. माणूस वाईट नव्हता, हेच तर त्रासाचं. वाईट असता तर भांडता आलं असतं. "सिस्टर, तुमचा स्टेक काय आहे यात?" असंही त्यांनी एकदा विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "माझा काय असणार." आणि घरी येऊन त्यांनी रागानं कांदे इतके बारीक चिरले की नवऱ्यानं विचारलं, आज काय झालं.

"उद्या खरंच कुणी आलं ना, तर हा पैलवान असाच हवेत हात फिरवेल," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच. खरं-खोटं कळत नाही का माणसाला?" नवरा म्हणाला.

सून पानं घेत होती. ती म्हणाली, "आई, तुम्ही फार डोक्यात घेता. वेळ आली की सगळे नीट करतात."

"गप गं. तुला काय कळतंय," सिस्टर म्हणाल्या, आणि तिच्या ताटात सगळ्यात आधी वाढलं.

साहेबांचं दुसरं एक दुखणं होतं. मागे एकदा पेशंटला बाहेर थांबवून ठेवलं म्हणून नातेवाइकांनी कॅज्युअल्टीच्या दाराची काच फोडली होती आणि एका शिकाऊ डॉक्टरला धरून बदडलं होतं. तेव्हापासून साहेबांचा सक्त हुकूम होता, दारात कुणालाही थांबवायचं नाही. गर्दी आली की दार सताड उघडायचं, वाद घालायचा नाही. मारामारी टाळायची तर दार उघडं हवं, विष टाळायचं तर दार बंद हवं. "दोन्हींतलं कुठलं करू?" सिस्टरांनी बैठकीत विचारलं. "परिस्थिती बघून करा," साहेब म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. असल्या उत्तरावर माणसानं डोकं कुठे आपटायचं, ते तुम्हीच सांगा.

तर, व्हायचं ते भर दुपारी झालं.

मालाच्या गोदामात ट्रक उतरवताना कीटकनाशकाचं पिंप निसटलं आणि फुटलं. तीन हमाल त्यात न्हाऊन निघाले. त्यांच्या मुकादमानं त्यांना तसंच उचलून टेम्पोत घातलं, मागे उरलेले हमाल चढले, आणि टेम्पो हॉर्न वाजवत कॅज्युअल्टीच्या आवारात शिरला. "पिंप फुटलं, औषध सांडलं," मुकादम उतरण्याआधीच ओरडत होता.

सिस्टर त्या वेळी मागे औषधांच्या खोलीत होत्या. गलका ऐकून त्या धावत बाहेर आल्या आणि काचेच्या दारातून त्यांना दिसलं ते असं.

पहिला हमाल स्ट्रेचरवर होता. सदरा अंगाला चिकटलेला, तोंडातून लाळ गळतेय, अंग थरथरतंय. पैलवाननं स्ट्रेचर नेमकं न्हाणीत आणून थांबवलं. शिकवल्यासारखं. भिजलेल्या माणसाच्या अंगावरून त्यानं हवेत हात फिरवला. मग हात वर केला, कोरड्या नळाला लावला, खाली घेतला. त्याचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता. काय करतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं, हातच आपोआप चालले होते. आणि मग मागून गर्दीचा रेटा आला, "आत घ्या, आत घ्या" म्हणत. दारावरच्या माणसानं हुकमाप्रमाणे दार सताड उघडलं, आणि स्ट्रेचर गेलं ते थेट पहिल्या पलंगाशी.

"थांबा," सिस्टर ओरडल्या, पण त्या गोंधळात कोण ऐकतंय.

पलंगाशी सून होती. हमालाला स्ट्रेचरवरून पलंगावर घेतलं होतं. तिनं कात्री घेऊन त्या माणसाचा सदरा कापायला सुरुवातही केली होती. त्यानं घाबरून तिचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि तिची बाही, एप्रन, छातीपर्यंतचं सगळं ओलं झालं. तो उग्र, डोळ्यांत जाणारा वास एका क्षणात खोलीभर पसरला. शेजारच्या पलंगावरची म्हातारी खोकायला लागली. ड्यूटीवरचा डॉक्टर नाकाला रुमाल लावून मागे सरला. सून मात्र सरली नाही, ती कापतच राहिली. सिस्टर तिच्यापर्यंत पोचल्या तेव्हा तिच्या छातीतली शिट्टी दोन हातांवरून ऐकू येत होती.

"बाहेर," सिस्टर म्हणाल्या. "हा पलंग बाहेर. तुम्ही पण बाहेर. सगळे बाहेर." आणि त्यांनी स्वतः पलंग उलटा ओढायला घेतला.

झालं, गर्दी पेटली. आत नेलेला माणूस ही बाई पुन्हा बाहेर काढतेय म्हटल्यावर पेटणारच. मुकादमानं कोपऱ्यातला सलाइनचा स्टँड उचलला आणि तो सिस्टरांच्या समोर आडवा आला.

"मरायला टाकता काय त्याला?"

सिस्टरांनी पलंगाचा दांडा सोडला नाही. "मुकादम, औषध अजून त्याच्या कपड्यांत आहे. ते त्याच्या कातडीतून आत जातंय. आधी कपडे उतरवून त्याला धुऊ द्या, इंजेक्शन तिथेच देते. मग मला मारा, मी कुठे पळून जात नाही."

मुकादमानं स्टँड खाली टाकला आणि पलंगाची दुसरी बाजू धरली.

बाहेर आले तर न्हाणीत पाणी कुठाय? सिस्टरांनी साहेबांच्या ड्रायव्हरला हाक मारली. तो गाडीशी हातातलं फडकं धरून खुळ्यासारखा उभा होता. "पाइप आण," म्हणाल्या. त्यानं आणला. पाणी आलं, असं जोरात आलं की चाकांची माती निघावी. सिस्टरांनी हातमोज्यांवर दुसरे हातमोजे चढवले, मुकादमाच्याही हातांत घातले, आणि दोघांनी मिळून त्या माणसाला धुवायला घेतलं. भांडी घासायचा साबण कुणीतरी उपाहारगृहातून आणला. डॉक्टरनं बाहेरच येऊन इंजेक्शनं दिली. एवढ्यात साहेब जिन्यावरून धावत आले. त्यांनी बघितलं आणि पाइप स्वतःच्या हातात घेतला. पायातले बूट भिजले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली, तरी ते धरून उभे होते. खोटं कशाला बोला, त्या दिवशी माणूस उभा राहिला.

दुसऱ्या हमालाला धुताना सिस्टरांना पायरीवर बसलेली सून दिसली. खांदे वर उचलून ती श्वास ओढत होती, ओठ निळसर पडायला लागले होते. तिनं चाचपडत एप्रनच्या खिशातून पंप काढला आणि तोंडाशी नेला. सिस्टर एका उडीत तिथे पोचल्या आणि तो पंप त्यांनी तिच्या हातातून हिसकावून घेतला. पंप ओला होता, त्याच औषधानं.

"सिस्टर, हिला आत घ्या, नेब्युलायझर लावतो," डॉक्टर म्हणाला.

"आधी धुवायचं," सिस्टर म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना परक्या बाईचा वाटला. "सिलिंडर बाहेर आणा. नेब्युलायझरची तार पोचेल तिथे दारात ठेवा. पण धुतल्याशिवाय ही आत जाणार नाही."

त्यांनी तिला उचलून पडद्याआड नेलं, एप्रन कापला, ब्लाऊज कापला, आणि पाइप ओढून घेतला. पाणी गार होतं. दम्याच्या माणसाला अशा वेळी गार पाणी म्हणजे काय, हे सिस्टरांना सांगायची गरज नव्हती. सून थरथरत त्यांच्या गळ्याला लोंबकळली होती.

"आई," ती म्हणाली. हॉस्पिटलाच्या आवारात पहिल्यांदाच. "आई, आत न्या ना."

"नेते गं राणी. नेते. केस राहिलेत," सिस्टर म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यावर पाणी ओतत राहिल्या. ती आई आई करत होती आणि त्या धूत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आधीच सगळं ओलं होतं, कुणाला दिसणार.

तिन्ही हमाल वाचले. सूनही वाचली, पण बरेच दिवस ती आयसीयूत होती, आणि त्यानंतर बरेच दिवस घरी. पैलवान रोज आयसीयूच्या बाहेर येऊन उभा राहायचा. एकदा सिस्टर बाहेर आल्या तर तो रडायलाच लागला.

"मी थांबलो होतो, सिस्टर. न्हाणीत थांबलो होतो. हातपण वर केला होता. तुम्ही बघितलंत ना?"

बघितलं होतं. त्याला चांगलं झापायचं असं सिस्टरांनी किती दिवस मनात धरलं होतं. पण ज्यानं शिकवलेलं तंतोतंत केलं, त्याला काय बोलायचं?

साहेबही येऊन गेले. सुनेच्या उशाशी बसले, त्यांचेही डोळे भरून आले. "सिस्टर, तो व्हॉल्व्ह मी उद्याच्या उद्या उघडायला लावतो," म्हणाले. मनापासून म्हणाले. मग चौकशी बसली, चौकशीत यंत्रणा सज्ज होती असं निघालं, साहेब दुसऱ्या कामात बुडाले, देखभालवाला रजेवर गेला, आणि व्हॉल्व्हचं भिजत घोंगडं पुन्हा तसंच पडलं. कोरडंच भिजत पडलं म्हणा.

छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिनं आता कॅज्युअल्टीत उभं राहायचं नाही. कधीच नाही. सुनेला दारालगतच्या नोंदणीच्या खिडकीत बसवलं, काचेच्या मागे. नाव काय, वय काय, बरोबर कोण. आवाज न चढवता, मधेमधे थांबत ती विचारायची. पहिल्या पलंगाकडे तिची नजर जायची आणि ती मान फिरवायची. घरी तो विषय काढायची नाही. सिस्टरांना वाटे, हिनं एकदा तरी भांडावं.

आणि पुन्हा मॉक ड्रिल ठरलं. या वेळी पाहुणे मोठे, मागच्या प्रसंगातून हॉस्पिटल काय शिकलं ते बघायला आलेले. खुर्च्या मांडल्या. साहेबांनी शिट्टी गळ्यात अडकवली. क्लार्क नेमका आजारी पडला होता.

"मी झोपते," सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही?" साहेब म्हणाले. पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार. "बरं, झोपा."

सिस्टर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत स्ट्रेचरवर आडव्या झाल्या. शिट्टी वाजली. पैलवाननं स्ट्रेचर न्हाणीत आणून थांबवलं.

"समजा, कपडे काढले," साहेब म्हणाले.

पैलवाननं हात फिरवला.

"समजा, पाणी आलं."

पैलवाननं हात वर करून नळाला लावला. आणि तो खाली घेतलाच नाही.

"समजा, धुतलं. चला आत." कुणी हललं नाही. "पैलवान, चला."

"पेशंट कोरडा आहे, साहेब," पैलवान म्हणाला.

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. साहेब हसत हसत स्ट्रेचरपाशी आले आणि वाकून दातांतल्या दातांत म्हणाले, "सिस्टर, उठा. हसं होतंय."

"पेशंट उठत नसतो, साहेब," सिस्टर डोळे न उघडता म्हणाल्या.

बराच वेळ गेला. ऊन सरकून खुर्च्यांवर आलं. एका पाहुण्यानं विचारलं, "पाणी खरंच येतं का इथे?" आणि मग धावपळ झाली. देखभालवाल्याला शोधून आणलं, कपाट उघडलं, व्हॉल्व्ह सुटेना म्हणून त्यावर हातोडी मारली. पाइपात गुरगुर झाली, आधी नुसती हवा आली, मग गंजाचं तांबडं पाणी सिस्टरांच्या तोंडावर, साडीवर बदाबदा कोसळलं. पाहुणे पाय वर घेऊन मागे सरले. सिस्टर तशाच पडून राहिल्या. त्यांनी मान कलती केली तेव्हा त्यांना नोंदणीची खिडकी दिसली. काचेच्या मागे सून उभी राहिली होती, एक हात छातीवर ठेवून, त्यांच्याकडे बघत. तिच्या मागे पहिला पलंग होता आणि त्याच्याशी एक नवीन मुलगी उभी होती.

पाणी हळूहळू स्वच्छ झालं.

पैलवाननं हात नळावरून काढला आणि साहेबांकडे वळून विचारलं, "साबण?"

साबण नव्हता. साबण आणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेबांनी नेहमीच्या सवयीनं तोंड उघडलं, पैलवानकडे पाहिलं, खिडकीतल्या सुनेकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"आणा सावकाश," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही थांबतो."